नवव्या प्रकरणातली माणसं

मोलगीच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली की मी मागच्या बाकापासून सुरुवात करते आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघत पुढे येते. तसा नियमच आहे, पण आता नियमापेक्षा ती सवय झाली आहे. नंदुरबार ते मोलगी या रस्त्यावर कंडक्टर म्हणून मला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात लोक गाडीत काय काय विसरून गेले! डबे, छत्र्या, विळे, एका पायातली चप्पल, एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी. सापडलेली वस्तू त्याच दिवशी डेपोत जमा करायची, रजिस्टरला लिहायची, सही करायची. मी ती कोंबडीसुद्धा जमा केली होती.

पुस्तक मात्र केलं नाही. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

होळी बारा दिवसांवर आली होती. शनिवार होता, आणि शनिवारी आमच्या गाडीला कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी असते. नंदुरबारच्या हॉस्टेलांत राहणारी ही मुलं दोन दिवसांसाठी डोंगरात आपापल्या घरी जातात. बायकांचं तिकीट अर्धं झाल्यापासून तर पाय ठेवायला जागा नसते. मोलगीला गाडी रिकामी झाली तेव्हा मागून तिसऱ्या सीटखाली एक जाड पुस्तक पडलेलं दिसलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे नीट दुमडलेले. आत नाव नव्हतं. काही अवघड शब्दांखाली पेन्सिलीनं हलक्या रेघा मारलेल्या होत्या, बाकी काही खूण नाही.

मोलगीला आमची गाडी पाऊण तास थांबते. ड्रायव्हरभाऊ चहाला गेले. मी सहज पहिलं पान उघडलं.

मी वाचणारी बाई नव्हे, हे आधीच सांगते. बारावीनंतर मी जे वाचलं ते भरतीच्या परीक्षेसाठी. कथा-कादंबरी म्हणजे शिकलेल्या, रिकाम्या माणसांचं काम, असंच मला वाटायचं. आणि ही कादंबरी तर मोठ्यांची नव्हती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली, सगळीच्या सगळी काल्पनिक. नकाशात नसलेलं गाव, कधी न झालेली माणसं. पण त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की त्या गावातल्या विहिरीला प्रत्येकाचं नाव माहीत होतं, फक्त एका मुलीचं माहीत नव्हतं. मी ते वाचलं आणि ड्रायव्हरभाऊंनी हॉर्न दिला तेव्हा माझी एकविसावी ओळ की एकविसावं पान चालू होतं, हे मला सांगता आलं नसतं.

गोष्ट अशी होती. एका कोरड्या मुलखात एक गाव आहे. गावाच्या मधोमध खोल विहीर. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याला विहिरीच्या काठावर नेतात, आई आत वाकून हाक मारते आणि विहीर आतून एक नाव सांगते. तेच त्याचं नाव. या मुलीची आई वाटेवरची होती, परक्या मुलखातून आलेली, बाळाला जन्म देऊन तिथंच वारलेली. गावातल्या एका बाईनं बाळाला काठावर नेलं, हाक मारली, आणि विहिरीतून काहीच आवाज आला नाही. पुन्हा मारली. काही नाही. तेव्हापासून मुलीला नावच नाही. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण बोलवायचं झालं तर सगळे “ए” म्हणत. पुढे ती पंधरा वर्षांची होते आणि विहिरीचं पाणी आटायला लागतं. गाव म्हणतं, हिच्यामुळेच. आणि मग ती एके दिवशी एक लंगडी शेळी बरोबर घेऊन निघते. विहिरीत पाणी येतं कुठून, ते शोधायला.

परतीच्या प्रवासात मी पुस्तक माझ्या बॅगेत ठेवलं. नंदुरबारला उतरले, हिशेब दिला, तिकिटांचं मशीन जमा केलं. सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर समोरच होतं. मी स्वतःला म्हटलं, सोमवारी देऊ. शनिवारी संध्याकाळी कोण येणार आहे पुस्तक शोधायला?

घरी धानोऱ्याला आले, भाकरी टाकल्या, आणि जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून वाचायला लागले. मालक रात्री शेताला पाणी देऊन आले तेव्हा त्यांनी आधी मला पाहिलं, मग पुस्तकाला, मग परत मला.

“काय वाची ऱ्हायनी?”

“गोष्ट शे.”

“आते काय परीक्षा शे का तुन्ही?”

मी हसले. त्यांना काय सांगणार होते? ती मुलगी दगडाच्या वाळवंटातून चालली होती आणि शेळी बसकण मारून उठायला तयार नव्हती. मला त्या शेळीची खरोखर काळजी लागली होती.

रविवारी माझी सुट्टी होती. आमच्या मागच्या अंगणात शेवटच्या तोडणीची मिरची वाळत घातली होती. मी मिरचीची राखण करते असं सांगून दुपारभर तिथं बसले. मिरचीच्या खकाण्यानं डोळे चुरचुरत होते, तरी उठवेना. एवढा आनंद मला कधी झाला होता, हे आठवून पाहिलं तर शाळेतही झाला नव्हता. कोणी विचारणार नव्हतं, उत्तर लिहायचं नव्हतं. मी फक्त एका मुलीच्या मागे मागे चालत होते. ती नदीच्या काठी अडली की मीही अडायची. तिला रस्ता सापडला की मी मान वर करून अंगणाकडे बघायची आणि मला अंगण नवं दिसायचं.

माझ्या ओढीचं दुसरंही एक कारण होतं, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी मामाच्या घरी वाढले. आई मी चार वर्षांची असताना गेली आणि वडिलांनी मला मामाकडे आणून सोडलं. मामा-मामींनी मला काही कमी केलं नाही, हे मी देवासमोर सांगेन. शाळा केली, लग्न करून दिलं. पण आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं टाकून घेतात. मामाच्या चारही पोरांची ताटं-पेले नाव टाकलेले होते. माझा पेला कोरा होता. कोणी मुद्दाम तसं केलं नव्हतं. नावं टाकणारा ज्या दिवशी गल्लीत आला त्या दिवशी माझा विषयच निघाला नसेल, एवढंच. मांडणीतून कोरा पेला काढला की सगळ्यांना कळायचं, हा हिचा. वीस वर्षं मी त्याबद्दल विचारसुद्धा केला नव्हता. आणि आता छापलेल्या अक्षरांत मला कोणी तरी सांगत होतं की असं होतं, असं घडतं, आणि असं घडलेली मुलगी घराबाहेर पडून खूप दूरपर्यंत जाऊ शकते.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी मी ड्यूटीला गेले तर वाहतूक नियंत्रक खिडकीतून म्हणाले, “ताई, तुन्ही गाडीमा काही पुस्तक-बिस्तक सापडनं का? कॉलेजनी एक पोर काल बी उनी व्हती, आज बी उनी व्हती. शनिवारनी गाडी सांगस.”

त्या वेळी पुस्तक माझ्या खांद्याच्या बॅगेत होतं. डब्याच्या खाली. माझी सात प्रकरणं उरली होती.

“नही ना भाऊ,” मी म्हटलं. “काहीच नही सापडनं.”

त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या गाडीच्या कागदांकडे वळले. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्यांना काही कारणच नव्हतं. मी कोंबडी जमा करणारी बाई होते.

त्या दिवशी देवगोईचा घाट चढताना मला बरं वाटत नव्हतं. चोरी म्हणावी तर मी देणारच होते. फक्त थोडं उरलं होतं. मनाची समजूत घालायला माणसाला काही वेळ लागत नाही. मी म्हटलं, तिचं वाचून झालेलं असेल. मी म्हटलं, पोरगी आहे, दुसरं घेईल. मग मोलगीला पोचल्यावर मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पुढचं प्रकरण उघडलं. लाज वाटत असतानाही गोष्ट गोडच लागत होती, हेही खरंच सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी ती मुलगी तिसऱ्यांदा येऊन गेल्याचं कळलं. या वेळी नियंत्रकांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी मशीन उचललं आणि गाडीकडे गेले.

पुढच्या मंगळवारी माझं पुस्तक संपलं. मोलगीच्या स्टँडवर, दुपारी, रिकाम्या गाडीत. ती मुलगी डोंगराच्या पलीकडे पाण्याच्या उगमापाशी पोचते. तिथं दगडाचं दार आहे आणि दार तिला नाव विचारतं. तिच्याकडे नाव नाही. तेव्हा ती आपल्या गावातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायला लागते. ज्यांनी तिला “ए” म्हटलं त्या सगळ्यांची नावं. लहान मुलांची, म्हाताऱ्यांची, जिनं तिला काठावर नेलं त्या बाईचं. शेवटचं नाव घेतल्यावर दार उघडतं. ती पाणी घेऊन गावात परत येते. विहीर भरते. सगळं गाव काठावर गोळा होतं आणि म्हणतं, आता तू हाक मार, आता विहीर तुझं नाव सांगेल. आणि ती हाक मारतच नाही. ओंजळीनं पाणी पिते, शेळीला पाजते आणि घरी जाते.

मी रडले. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पण चांगली रडले. ड्रायव्हरभाऊ चहा पिऊन आले आणि म्हणाले, “काय झालं ताई, घरून फोन आला का?” मी म्हटलं, “नाही, डोळ्यात गेलं काही तरी.”

दुसरा दिवस होळीच्या आधीचा होता. आमच्या डोंगरात होळीचं काय महत्त्व आहे, ते या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सुरतेकडे ऊसतोडीला, बांधकामाला गेलेली माणसं काहीही करून त्या दिवशी घरी पोचतात. नंदुरबार स्टँडवर सकाळीच झुंबड होती. पुस्तक मी बॅगेत घेतलं होतं. संध्याकाळी परत आल्यावर जमा करायचं ठरवलं होतं, आणि रजिस्टरमध्ये कोणती तारीख टाकायची याचा विचार करत होते.

तेवढ्यात दारापाशी एक मुलगी उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची, चष्मा, पाठीला बॅग, हातात गुळाची पिशवी.

“ताई, मागच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी तुम्हीच होतात का या गाडीला? माझं एक पुस्तक राहिलं होतं.”

ती दोन वर्षं माझ्याच गाडीनं जात-येत होती, हे तिनं नंतर सांगितलं. मला तिचा चेहरा आठवत नव्हता. मी हात बघते, नोटा बघते, कोण कुठं उतरणार ते बघते.

मी बॅगेत हात घातला, डबा बाजूला केला आणि पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

“कधी सापडलं?”

मला “आज” म्हणता आलं असतं. मागून माणसं रेटत होती, ड्रायव्हरभाऊ हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, “तू आधी वर चढ. सांगते नंतर.”

अक्कलकुव्याला काही माणसं उतरली, तेवढीच नवी चढली. तिकिटं फाडून झाली तेव्हा गाडी घाटाला लागली होती. ती मुलगी माझ्या सीटजवळ दांडा धरून उभी होती. मी सरकले आणि तिला अर्धी जागा दिली. बाहेर उतारांवर पळस फुलला होता.

“ताई, सांगत होता तुम्ही.”

“तू विसरलीस त्याच दिवशी सापडलं,” मी म्हटलं. “मोलगीला. सीटखाली.”

“पण मी डेपोत तीनदा आले होते.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“वाचत होते मी. मला विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा घातला.

“सगळं वाचलं?”

“सगळं.”

“मग मला एक सांगा,” ती म्हणाली. “नवव्या प्रकरणात ती डोंगरातली माणसं आहेत ना, जी तिला खिंडीपर्यंत पोचवतात? ती पुढे काय करतात?”

मी आठवायला लागले. नववं प्रकरण मला चांगलं आठवत होतं. मुलीला ताप भरतो आणि डोंगरातली माणसं तिला उचलून आपल्या झोपडीत नेतात. एक म्हातारी तिच्या तळपायांना राख चोळते. तीन दिवस तिला पेज पाजतात, तिच्या शेळीच्या पायाला लाकडाची पट्टी बांधतात. मग दोन माणसं तिला पाठकुळी घेऊन नदी ओलांडतात आणि खिंडीपाशी उगमाची वाट दाखवतात. ते प्रकरण मला फार आवडलं होतं. त्यातली म्हातारी तर माझ्या डोळ्यांसमोर होती.

“पुढे?” मी म्हटलं. “पुढे ती मुलगी उगमापाशी जाते.”

“ते नाही. ती माणसं. परत कधी येतात?”

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मागची पानं चाळली. वळणांवर गाडी हलत होती, तरी मी चाळत राहिले. दहावं, अकरावं, बारावं. उगम. दार. नावं. गाव. मुलगी प्रत्येकाचं नाव घेते त्या दोन पानांवर मी बोट फिरवत गेले. तिथं शेतकरी होते, कुंभार होता, शाळेतला मास्तर होता. डोंगरातली म्हातारी नव्हती. पाठकुळी घेणारे दोघे नव्हते. त्यांना नवव्या प्रकरणातही नाव दिलेलं नव्हतं.

“नाही येत,” मी म्हटलं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली.

मग तिनं मला सांगितलं. हे पुस्तक तिला कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मिळालं होतं. ती दर खेपेला घरी गेली की संध्याकाळी चुलीपुढे बसून धाकट्या बहिणींना एक-दोन प्रकरणं वाचून दाखवायची. वाचून म्हणजे मराठी पानाकडे बघत त्यांच्या बोलीत सांगत जायची, कारण बहिणींना शाळेतलं मराठी जेमतेम कळतं. आठ प्रकरणं अशी झाली होती. नववं तिनं हॉस्टेलवर वाचून ठेवलं होतं. त्या शनिवारी घरी पोचली, बॅग उघडली, तर पुस्तक नाही.

“बहिणी रडायलाच लागल्या. म्हटलं, थांबा, नववं मला पाठ आहे. सांगितलं. आजोबा भिंतीला टेकून बसले होते, मला वाटलं झोपलेत. प्रकरण संपल्यावर ते म्हणाले, ती पोरगी पाणी न्यायला आली आहे ना? मग पाणी नेण्याआधी तिनं या माणसांना विचारलं का?”

तिनं गुळाची पिशवी मांडीवर घेतली.

“आजोबांचं जुनं गाव नर्मदेच्या काठावर होतं. आता धरणाच्या पाण्याखाली आहे. ते तसं कधी बोलत नाहीत त्याबद्दल.”

मी पुस्तक मिटून तिच्या हातात परत दिलं.

“मला उत्तर माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “पुस्तक नव्हतं जवळ. मग मी माझ्या मनानंच पुढचं सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

तिनं आधी मान हलवली, नको म्हणाली. मी पुन्हा विचारलं तेव्हा सांगायला लागली. तिची बोली मला येत नाही, माझी तिला थोडी समजते, म्हणून आम्ही दोघी शाळेतल्या मराठीत बोलत होतो, दोघींच्याही घरात नसलेल्या भाषेत. तिच्या गोष्टीत डोंगरातली माणसं मुलीला म्हणतात, पाणी ने, पण आम्हीही बरोबर येतो. सगळे खाली उतरतात. म्हातारी, पाठकुळी घेणारे, पोरंबाळं, कोंबड्या. गावात विहीर भरते आणि लोक आनंदानं नाचायला लागतात. तेव्हा म्हातारी विहिरीच्या काठावर बसते आणि म्हणते, आता आमचीही नावं या विहिरीत हाक मारून सांगा. गावातल्या लोकांना त्यांचं एकाचंही नाव माहीत नसतं. म्हातारी म्हणते, हरकत नाही, शिका. आम्ही बसतो.

“मग?” मी विचारलं. मलाही पुढचं हवं होतं.

“मग धाकटीनं विचारलं, किती दिवस बसले? मी आठवडाभर म्हणणार होते. पण आजोबाच म्हणाले, अजून बसलेत.”

गाडी घाटाच्या माथ्यावर आली होती. कोणी तरी मागून ओरडलं, थांबवा म्हणून. मी घंटी दिली. दोन बायका आणि एक म्हातारा उतरले आणि डावीकडच्या पायवाटेनं चालायला लागले. त्या वाटेच्या शेवटी काय आहे, मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी तिथं माणसं उतरवत आले होते. ती चढताना पाड्याचं नाव सांगतात, आणि माझ्या मशीनमध्ये ते नाव नसतं. मशीनमध्ये मोजके थांबे आहेत. मी पुढच्या थांब्याचं तिकीट देते. त्यांनी सांगितलेलं नाव कानावर पडतं आणि बटण दाबेपर्यंत गेलेलं असतं.

“तू कुठं उतरतेस?” मी मुलीला विचारलं. तिकीट देताना तिनं सांगितलं होतं, पण मला पुन्हा विचारावं लागलं. तिनं पाड्याचं नाव सांगितलं. मी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तिनं माझा उच्चार सुधारला.

मोलगीच्या अलीकडे एका वळणावर ती उतरली. वर टेकाडावर दोन लहान मुली उभ्या होत्या, फ्रॉकवर मोठ्यांचे स्वेटर घातलेल्या. तिच्या हातात पुस्तक बघून त्या ओरडत खाली पळत सुटल्या. मी खिडकीतून बघत होते. पुस्तकाची वाट बघत या दोघी शनिवारी अशाच उभ्या असणार, हे माझ्या मनात अकरा दिवसांत एकदाही आलं नव्हतं. मी एका नाव नसलेल्या मुलीसाठी रडले होते, आणि ती मुलगी छापलेली होती.

संध्याकाळी नंदुरबारला आल्यावर मी नियंत्रकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन रजिस्टरवर ठेवलं. मग म्हणाले, “मी त्या पोरले तीनदा वापस धाडी दिन्हं, ताई. तीनदा.” मला बोलले नाहीत, लेखी काही केलं नाही. पण त्यानंतर काही महिने, माझ्या गाडीत वस्तू सापडली की ते स्वतः उठून बॅगेकडे बघायचे. मला ते लागायचं. लागायलाच हवं होतं.

मी मशीनवर थांबा दाबण्याआधी पाड्याचं नाव मोठ्यानं म्हणून बघायला लागले, ते त्या होळीनंतर. काही लोक हसतात. एक आजी दर वेळी सुधारते. माझ्याकडे एका छोट्या वहीत आता सत्तावीस पाडे आहेत. यानं कोणाचं काही भलं झालं असं मी म्हणणार नाही.

पुस्तक मला अजूनही आवडतं. नंतर नंदुरबारला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी ते शोधून विकत घेतलं. धानोऱ्याला आमच्या कपाटात आहे. मालकांनाही एका पावसाळ्यात अर्धं वाचून दाखवलं. दारापाशी ती नावं घेते तिथं मला दर वेळी रडू येतं, आता माहीत असूनही. नवव्या प्रकरणाशी मात्र मी थांबते. पान उलटायला वेळ लागतो.

मुलगी मला पुढे वरचेवर भेटत राहिली, चेहऱ्यानं ओळखू यायला लागली. परीक्षा संपल्यावर सामान घेऊन ती कायमची घरी निघाली होती, तेव्हा पत्र्याची पेटी चढवायला मी हात लावला. गर्दी कमी होती. तिकीट देताना मी विचारलं, “वाचलंस का शेवटपर्यंत?”

“वाचलं,” ती म्हणाली. “कधीचंच.”

“कसं वाटलं?”

ती खरंच विचार करत होती. ती उगाच काही बोलणारी मुलगी नव्हती.

“शेवट चांगला आहे, ताई. ती हाक मारत नाही ते फार चांगलं आहे. मला रडू आलं.”

“मलाही.”

“पण घरी नाही सांगितला,” ती म्हणाली. “घरी आमचाच चालू आहे. बहिणींनी आता म्हातारीला एक नातू दिला आहे.”

मी तिला तिकीट दिलं. तिनं ते चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. पुढच्या सीटवरचा माणूस सुट्टे पैसे घेऊन माझी वाट बघत होता.